जलशीर्ष : शंट शस्त्रक्रियेतील गुंतागुंत

मेंदूतील पोकळ्यांत पाणी (प्रमस्तिष्क-मेरुद्रव) साचून त्या फुगण्याच्या विकाराला जलशीर्ष म्हणतात. या पाण्याला वाट करून देण्यासाठी त्वचेखालून बसवलेली झडपेची नळी म्हणजे शंट. पाणी पोटाच्या पोकळीत सोडणारा व्ही. पी. शंट सर्वाधिक वापरला जातो. शंट बसवलेल्या मुलाच्या कानामागे बोट फिरवले की झडपेचा उंचवटा लागतो आणि मानेवरून छातीकडे उतरलेली नळी हाताला जाणवते. प्रौढ माणसात रोज सुमारे ५०० मिली द्रव तयार होतो. म्हणून नळी तुंबली की दाब लगेच वाढू लागतो.

अडथळा : ही सर्वांत नेहमीची गुंतागुंत. मेंदूतील टोकाला ऊतक चिकटून ते बंद होते, झडप अडकते, किंवा वाढत्या वयात नळी तुटते, निसटते, अपुरी पडते. मुलांमधील सुमारे निम्मे शंट पहिल्या दोन वर्षांत बिघडतात. तान्ह्या बाळाची टाळू फुगते, डोक्याचा घेर वाढतो, नजर खाली वळते. मोठ्या मुलाला डोकेदुखी, उलट्या आणि गुंगी येते.

जंतुसंसर्ग : बहुतेक वेळा तो शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत दिसतो. त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस जंतू हे त्याचे मुख्य कारण. ताप, चिडचिड, नळीवरची लाली ही लक्षणे. बहुधा शंट काढून, प्रतिजैविके देऊन, द्रव निर्जंतुक झाल्यावर नवा बसवावा लागतो. प्रतिजैविकयुक्त नळीने हा धोका कमी होतो.

इतर : पाणी प्रमाणाबाहेर वाहिल्यास पोकळ्या आक्रसतात किंवा मेंदूभोवती रक्त साचते. पोटात द्रवाची गाठ होते. क्वचित नळी आतड्याला छिद्र पाडते.

बीड जिल्ह्यातील संदर्भ : अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांमधून मुलांची तपासणी करतात. मात्र जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात. फडावरच्या कोपीत मूल उलट्या करू लागले, तर ती अन्नाची बाधा समजली जाण्याचा संभव असतो. तिथल्या डॉक्टरला मुलाच्या डोक्यात शंट असल्याचे कोणी सांगितले नाही, तर मोलाचे तास वाया जातात.

खर्च आणि पर्याय : भारतात बनणारा छाब्रा शंट स्वस्त आहे. युगांडातील १९५ मुलांवरील, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरानंतर तो महागड्या विदेशी शंटइतकाच उपयुक्त ठरला. निवडक रुग्णांत दुर्बिणीने मेंदूतच नवी वाट काढतात. मग नळी लागत नाही.

शंट बहुधा जन्मभर सांभाळावा लागतो. कुटुंबाने शस्त्रक्रियेचा कागद, शंटचा प्रकार आणि जुने स्कॅन पिशवीत जपावे, गाव सोडताना बरोबर न्यावे. शंट असलेल्या मुलाला उलट्यांबरोबर गुंगी आली, तर सकाळची वाट न पाहता त्याला मेंदूशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.