आठव्या घराचा हक्क : सीरियल पोर्ट, अंकीय ट्रंकरेषा आणि देवनागरी अक्षर

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी सिद्धेश्वर हे गाव असून त्याच नावाचे धरण तेथे बांधलेले आहे. येथे विचार करावयाचा आहे तो धरणाचा नव्हे, तर त्या ग्रामनामाचा. हे नाम उच्चारात चार अक्षरांचे आहे. लेखनात त्यात दोन जोडाक्षरे येतात. आणि भारतीय लिप्यांसाठी ठरविलेल्या 'इस्की' या संकेतानुसार ते संगणकाच्या तारेवर दहा एककांनी प्रवास करते. ही दहा एकके ज्या सीरियल पोर्टमधून जावयाची, त्याची जुळणी चुकलेली असेल तर पलीकडच्या पडद्यावर अनुक्रमे पुढील रोमन चिन्हे उमटतात : मोठा डब्ल्यू, डावा चौकोनी कंस, मोठा डी, लहान एच, मोठा ई, लहान ए, मोठा यू, पुन्हा लहान एच, मोठा टी आणि मोठा ओ. वाचणारा साहजिकच 'यंत्र बिघडले' असे म्हणतो. तथापि यंत्र बिघडलेले नसते. दोन्ही ठिकाणी हलन्ताच्या जागी लहान एच आलेला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे येथे गोंधळ नसून नियम आहे, हे ध्यानी येते. प्रत्येक एककातील आठ घरांपैकी एक घर वाटेत रिकामे केले गेले आहे, इतकेच. ते घर कोणाच्या मालकीचे, अक्षराच्या की तारेच्या, हा प्रश्न वरवर केवळ तांत्रिक भासतो. परंतु मराठीला यंत्रावर जागा मिळण्याचा इतिहास बऱ्याच अंशी त्याच्याशी बांधलेला आहे.

सीरियल पोर्ट म्हणजे एकामागून एक स्पंद पाठविणारे द्वार. एका तारेवर एका क्षणी एकच खूण जाऊ शकते. म्हणून अक्षराचे शून्य व एक अशा खुणांत विघटन करून त्या रांगेने सोडाव्या लागतात. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला हे अपरिचित वाटू नये. वाणीही काळाच्या एका रेषेवरच चालते, हे सोस्यूरच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील एक मूलभूत सूत्र आहे. भेद एवढाच की, बोलणारा व ऐकणारा यांना अक्षर कोठे सुरू होते हे आधी ठरवून घ्यावे लागत नाही. दोन यंत्रांना मात्र ते ठरवावे लागते. वेग किती, एका अक्षरास घरे सात की आठ, त्यांच्यामागे तपासणीचे घर आहे की नाही, आणि शेवटी विरामाची खूण एक की दोन, या चार गोष्टी दोन्ही टोकांना सारख्या असल्याखेरीज संवाद होत नाही. पोर्टची जुळणी करणे म्हणजे मुख्यतः हा करार करणे होय.

या कराराची परंपरा जुनी आहे. फ्रान्समधील एमिल बोदो याने १८७४ मध्ये एकस्व घेतलेल्या तारयंत्रपद्धतीत प्रत्येक चिन्हास पाच घरे होती. पाच घरांतून बत्तीसच रचना निघतात. रोमन वर्णमालेची सव्वीस अक्षरे त्यांत बसली, आणि अंकांसाठी 'पालट' करणारी खूण ठेवून काम भागले. देवनागरीचे स्वर, व्यंजने, मात्रा व हलन्त एकत्र मोजल्यास बत्तीस ही संख्या अर्ध्या वाटेतच संपते. भारतात देवनागरी तारेची सेवा १९४९ मध्ये सुरू झाली आणि देवनागरी टेलिप्रिंटरही पुढे वापरात आले. परंतु अक्षरांची काटछाट व पालटखुणांची कसरत त्यांच्या वाट्याला आली ती या अपुऱ्या घरांमुळेच. त्या काळच्या लिपिसुधारणेच्या चर्चेत टंकयंत्राचा उल्लेख वारंवार आढळतो. तारेच्या घरांची अडचण मात्र त्या मानाने फार थोड्यांच्या ध्यानी आली.

१९६३ मध्ये अमेरिकेत 'ॲस्की' हा सात घरांचा संकेत ठरला आणि १९६७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. सात घरांतून एकशे अठ्ठावीस रचना मिळतात. इंग्रजीची मोठी व लहान अक्षरे, अंक, विरामचिन्हे व यंत्राला द्यावयाच्या आज्ञा एवढ्यांत मावतात. यंत्रे आठ-आठ घरांचे गट हाताळू लागल्यावर उरलेले आठवे घर तपासणीस दिले गेले. सात घरांतील 'एक' या अंकांची संख्या विषम असल्यास आठव्या घरात एक घालून ती सम करावयाची. पलीकडे ती विषम भरली तर वाटेत कोठेतरी चूक झाली असे समजावयाचे. तारा गोंगाटाच्या होत्या, तेव्हा ही सावधगिरी अनाठायी म्हणता येणार नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने मराठीला राज्यकारभाराची भाषा ठरविणारा राजभाषा अधिनियम संमत केला तो १९६४ मध्ये. म्हणजे राज्याने मराठीला कार्यालयात जागा दिली त्याच सुमारास कार्यालयात पुढे येणाऱ्या यंत्रांनी तिच्यासाठी एकही घर मोकळे ठेवले नव्हते. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. संकेत ठरविणाऱ्यांच्या समोर ती भाषाच नव्हती.

१९८० नंतरच्या दशकात केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाच्या पुढाकाराने भारतीय लिप्यांचा संकेत आकारास आला. १९८८ ची आवृत्ती व त्यानंतर १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ म्हणून मान्यता, असा त्याचा क्रम आहे. या संकेताने खालची एकशे अठ्ठावीस स्थाने इंग्रजीसाठी जशीच्या तशी ठेवली आणि भारतीय वर्ण वरच्या अर्ध्या भागात बसविले. वरच्या भागात असणे म्हणजेच आठव्या घरात 'एक' असणे. मराठीपणाची सारी खूण अशा रीतीने त्या एका घरात एकवटली. मांडणी उच्चारानुसारी होती : ऱ्हस्व इकाराची मात्रा लिहिताना व्यंजनाच्या आधी येते, संकेतात ती नंतर येते, जोडाक्षर हे व्यंजन, हलन्त, व्यंजन असे मोडले जाते. पाणिनीय परंपरेतील वर्णविश्लेषणाशी ही दृष्टी जुळणारी आहे.

या संकेताचा आणखी एक विशेष असा की, सर्व ब्राह्मीजन्य लिप्यांना स्थाने एकच दिलेली होती. लिपी बदलावयाची तर मजकूर न बदलता केवळ लिपिदर्शक खूण बदलावी. परंपरेने ज्यांचे जन्मस्थान याच हिंगोली जिल्ह्यातील नरसी मानले जाते त्या नामदेवांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात गुरुमुखी लिपीत आहेत. लेखकांच्या पिढ्यांनी हाताने केलेले असे लिप्यंतर या संकेताने एका खुणेवर आणून ठेवले होते. परंतु त्यालाही आठवे घर शाबूत असणे आवश्यक होते.

कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले 'जिस्ट' या नावाचे काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या पुण्याच्या संस्थेत वाढले. संगणकात बसवावयाचे जिस्ट कार्ड बहुतेकांना आठवते. त्याच्याइतकेच महत्त्वाचे असूनही विस्मृतीत गेलेले साधन म्हणजे जिस्ट टर्मिनल. हे पडदा व कळफलक यांचे यंत्र युनिक्स प्रणालीच्या मोठ्या संगणकास सीरियल पोर्टने जोडले जाई. आता युनिक्सची टर्मिनलविषयक जुनी प्रथा सात घरे व सम तपासणी ही होती. शिवाय आत येणाऱ्या प्रत्येक एककाचे आठवे घर पुसून टाकण्याची एक स्वतंत्र तरतूद होती. मराठी दिसावयाची तर घरे आठ करणे, तपासणी बंद करणे आणि पुसण्याची तरतूद काढून घेणे, या तीन आज्ञा प्रत्येक पोर्टला द्याव्या लागत. त्यांपैकी एक राहिली तरी सिद्धेश्वरचा पूर्वोक्त डब्ल्यू-कंस-डी होत असे. सात घरांच्या मार्गावरून जाण्यासाठी पालटखुणांचा पर्याय मानकाने सांगितला होता खरा. पण तो म्हणजे पुन्हा बोदोच्याच काळातील कसरत होती.

शहराशहरांतील जोडणीतही हेच घडले. १९८६ मध्ये आरंभ झालेल्या 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्यात मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र अग्रभागी होते. हे केंद्र २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाले. या जाळ्यावर जी ई-टपाल चाले तिचा १९८२ चा जागतिक नियमच सात घरांचा होता. आठवे घर शून्य असावे असे त्यात स्पष्ट सांगितलेले होते. म्हणून मराठी पत्र पाठविणाऱ्यास ते आधी रोमन चिन्हांच्या वेषात गुंडाळावे लागे. १९९२ मध्ये 'माइम' हा संकेत आल्यावर हे गुंडाळणे नियमबद्ध झाले, पण संपले नाही.

येथवर विचार टर्मिनलच्या छोट्या तारेचा झाला. दोन गावांमधील मोठ्या तारेस 'ट्रंक' म्हणतात. मराठीत हा शब्द दोन वाटांनी आला. एक लोखंडी पेटी म्हणून आणि दुसरा 'ट्रंक कॉल'मधून. दुसऱ्या अर्थाचे मूळ झाडाच्या खोडात आहे : फांद्या अनेक, खोड एक. एका खोडातून अनेक संभाषणे कशी जातात हे समजण्यास सिद्धेश्वरचा कालवाच उपयोगी पडतो. वरच्या येलदरी धरणाचे पाणी पूर्णेतून सिद्धेश्वरला येते, तेथून कालव्यात जाते आणि चाऱ्यांना ते पाळीने मिळते. अंकीय ट्रंकवरही पाळीच असते, फक्त ती सेकंदाला आठ हजार वेळा फिरते. प्रत्येक फेरीत प्रत्येक वाहिनीस आठ घरे भरण्याइतका अवकाश मिळतो.

अमेरिकेतील बेल कंपनीने १९६२ मध्ये वापरात आणलेल्या 'टी-१' पद्धतीत अशा चोवीस वाहिन्या आणि फेरीची खूण म्हणून एक जादा घर, म्हणजे फेरीला एकशे त्र्याण्णव घरे, असतात. वेग सेकंदाला १५ लक्ष ४४ हजार बिट. फोन उचलला की ठेवला, घंटी वाजवावी की नाही, हे सांगण्यासाठी तेथे वेगळी जागा ठेवलेली नव्हती. म्हणून दर सहाव्या फेरीत प्रत्येक वाहिनीचे आठवे घर हिरावून घेतले जाई. अभियंते या प्रकारास 'बिट चोरणे' याच अर्थाच्या नावाने ओळखतात, आणि पारिभाषिक शब्दांत इतका प्रामाणिक शब्द विरळा. मानवी आवाजास ही चोरी कळत नाही. आकडे व अक्षरे पाठवू लागताच ती कळू लागली. कोणत्या फेरीतले घर गेले हे निश्चित नसल्याने आठवे घर सरसकट सोडून द्यावे लागले आणि चौसष्ट हजारांची वाहिनी छप्पन्न हजारांची झाली.

युरोपीय 'ई-१' पद्धतीने दुसरा मार्ग धरला. तिच्यात बत्तीस वाहिन्या, वेग २० लक्ष ४८ हजार बिट. पैकी शून्य क्रमांकाची वाहिनी फेरीच्या खुणेसाठी व सोळावी संकेतांसाठी राखलेली, आणि उरलेल्या तीस संभाषणांना. कालव्याच्या भाषेत बोलावयाचे तर पाटकऱ्याला त्याची स्वतंत्र वाट दिली. तो शेतकऱ्याच्या पाळीतून पाणी घेत नाही. भारताने ही पद्धती स्वीकारली. फ्रेंच बनावटीची ई-१०-बी केंद्रे उत्तर प्रदेशातील मनकापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली ती याच मापाची, आणि १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटची मोठी केंद्रेही याच ट्रंकांनी जोडली गेली.

दोन गोष्टींची येथे गल्लत होऊ नये. टी-१ वर छप्पन्न हजारांनी पाठविलेले देवनागरी अक्षर मोडत नाही. गती कमी होते, अक्षर पूर्ण पोहोचते. सात घरांच्या सीरियल पोर्टवर मात्र अक्षरच मोडते. परंतु दोन्हींच्या मुळाशी वृत्ती एकच आहे : वाहून नेणाऱ्याने आपल्या व्यवस्थेचा खर्च वाहून नेल्या जाणाऱ्या मजकुरातून वसूल करणे. ई-१ मध्ये चुकांची तपासणीसुद्धा शून्य क्रमांकाच्या वाहिनीत, अनेक फेऱ्यांवर मिळून, चार घरांच्या शेषाने होते. राउटरच्या सीरियल जोडणीवर ती संपूर्ण चौकटीच्या अखेरीस सोळा घरांच्या शेषाने होते. तपासणी अक्षराकडून चौकटीकडे सरकली आणि आठवे घर मोकळे झाले. अक्षरागणिक तपासणीत दोन घरे एकदम पालटली तर चूक निसटते. चौकटीच्या शेषातून ती निसटत नाही. म्हणजे अक्षराला त्याचे घर परत मिळाले ते कोणाच्या औदार्याने नव्हे, अधिक चांगली तपासणी सापडली म्हणून.

जुन्या निवडींच्या खुणा उपकरणांच्या जुळणीत अद्याप वाचता येतात. सिस्को कंपनीच्या राउटरवर ट्रंकची वाहिनी बांधताना वेग न सांगितल्यास ई-१ साठी चौसष्ट हजार व टी-१ साठी छप्पन्न हजार गृहीत धरले जातात. त्याच राउटरच्या कन्सोलची तार आठ घरांची, तपासणीविरहित असते; पण आज्ञा वाचणारा भाग, वेगळे सांगितले नाही तर, अक्षरास सात घरेच मानतो. तारेने परत दिलेले घर अशा ठिकाणी वाचकाकडून राहून जाते.

युनिकोडची देवनागरी १९८८ च्या भारतीय संकेताच्या क्रमावरच बेतलेली आहे. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी योजलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी वर्ण तीन एककांचा होतो आणि तिन्हींच्या आठव्या घरात 'एक' असतो. सिद्धेश्वर आता तीस एककांनी प्रवास करते. सात घरांच्या पोर्टवर त्याचे काय होते, हे पूर्वीच्या उदाहरणाशी ताडून पाहण्यासारखे आहे. त्या काळी निदान दहा छापण्याजोगी चिन्हे उमटत व हलन्ताचा लहान एच ओळखून मूळ शब्द लावता येई. आता काही एकके यंत्राच्या आज्ञांच्या स्थानी जाऊन पडतात. एकाराच्या मात्रेचे शेवटचे एकक घंटीची आज्ञा होते, आणि हलन्ताचे शेवटचे एकक ओळीच्या आरंभी परतण्याची. दोन जोडाक्षरांच्या दोन हलन्तांनी पडद्यावरील खूण दोनदा मागे जाते, आधी लिहिलेल्यावरच पुढची चिन्हे चढतात, मध्ये एकदा घंटी वाजते, आणि ओळीवर जे उरते त्यातून सिद्धेश्वर हे नाव कोणालाही पुन्हा जुळविता येत नाही.