मारणाऱ्यांच्या गावात: वंशसंहाराच्या अभ्यासाची ओळख

मानववंशशास्त्र म्हटले की नातीगोती, विधी, सणवार आठवतात. वंशसंहारही त्याच्या कक्षेत येतो, हे या शास्त्रालाच उशिरा पटले. १९४७ मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा आकार घेत असताना अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने सर्व संस्कृतींना एकच माप लावण्याविषयी शंका घेतली होती. तिनेच १९९९ मध्ये मानवी हक्कांची बाजू उघडपणे घेतली.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकांनी मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर हिंटन यांचे बोट धरावे. त्यांचा विषय कंबोडिया. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीत उपासमार, आजार, अतिश्रम आणि कत्तलींत सुमारे १७ लाख माणसे गेली. लोकसंख्येच्या जवळजवळ पाव. नॉम पेन्हमधील तुओल स्लेंग ही मुळात शाळा. तिच्या वर्गांत विटांच्या आडभिंती घालून कोठड्या केल्या गेल्या. कैद्यांचे फोटो काढले जात, छळ करून घेतलेले कबुलीजबाब फायलींत नीट लावले जात. किमान १२ हजार माणसे या तुरुंगातून मृत्यूकडे गेली.

कोणी मारले, याची उत्तरे या फायलींत सापडतात. का मारले, हे विचारत हिंटन १९९०च्या दशकात तिथल्या लोकांत राहिले. त्यातून २००५ मध्ये ‘व्हाय डिड दे किल?’ हे पुस्तक आले. सूड, मानापमान, वरिष्ठांशी निष्ठा या जुन्या समजुतींना राजवटीच्या विचारसरणीने कसे हाताशी धरले, हे त्यात दिसते. अशा मांडणीत संस्कृतीलाच आरोपी ठरवण्याचा धोका असतो. तेवढे सावध राहून तुम्ही ते वाचावे.

मार्च २०१६ मध्ये हिंटन ख्मेर रूजच्या गुन्ह्यांसाठीच्या नॉम पेन्हमधील विशेष न्यायालयात तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे राहिले. ख्मेर रूजचा प्रमुख पोल पॉट याचा उजवा हात असलेल्या नुओन चिया याच्याशी तिथे त्यांचा थेट सामना झाला. २०१८ मध्ये तो व्हिएतनामी आणि चाम मुस्लिम यांच्या वंशसंहाराबद्दल दोषी ठरला. मात्र मेलेल्यांत बहुसंख्य होते ख्मेरच, म्हणजे मारणाऱ्यांच्याच वंशाचे. वंशसंहाराविरुद्धच्या १९४८च्या कराराची व्याख्या राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय आणि धार्मिक गटांपुरती असल्याने त्यांची हत्या मानवतेविरुद्धचे गुन्हे या सदरात गेली. माझ्या मते, कायद्याची चौकट जिथे अपुरी पडते तिथे या शास्त्राचे खरे काम सुरू होते.

वाचकांनी सैद्धांतिक प्रकरणांनी सुरुवात करू नये. आधी माणसांच्या मुलाखती वाचाव्यात, मग तुओल स्लेंगचा प्रमुख डुख याच्या खटल्यावरचे हिंटन यांचे ‘मॅन ऑर मॉन्स्टर?’ हाती घ्यावे. एका बैठकीत संपवण्याची घाई मात्र करू नका.