'रामदास' बुडाली तेव्हा मुंबई काय ऐकत होती?

आजच्या भागात आपण 1947 सालात जातोय, धरमतर खाडीच्या तोंडाशी. हेडफोन लावा, कारण आज इतिहास शोधायचाय तो जुन्या गाण्यांतून.

आधी घटना. 17 जुलै 1947, आषाढ अमावस्या, म्हणजे आपली गटारी. 'रामदास' बोट सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. रेवस धरमतर खाडीच्या मुखाशी आहे. तेव्हा पेण-अलिबागकडच्या माणसासाठी मुंबईची वाट म्हणजे बोट. काशाच्या खडकाजवळ वादळात ती कलली आणि बघता बघता बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला कळायलाही उशीर झाला. रेवसच्या कोळ्यांनी काही जणांना वाचवलं.

त्यानंतर 29 दिवसांनी देश स्वतंत्र झाला, आणि आठवणीत 15 ऑगस्टने 17 जुलै झाकून टाकला.

आता गाणी. त्या वर्षीचा मोठा सिनेमा 'जुगनू'. त्यातलं नूरजहाँ आणि महंमद रफीचं द्वंद्वगीत आज ऐकलं की फाळणी आठवते, कारण पुढे नूरजहाँ पाकिस्तानात गेली हे आपल्याला माहीत आहे. पण ते पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना ते कुठे माहीत होतं? त्यांच्यासाठी ते नवं, गाजलेलं गाणं होतं, बस्स.

मला 'रामदास'बद्दल हेच सांगायचंय. आपण ती गोष्ट शेवटाकडून ऐकतो, म्हणून त्यातली माणसं आपल्याला फक्त मृतांचा आकडा वाटतात. खरं तर बोटीत चढताना ती सणाला घरी निघालेली माणसं होती. कुणाच्या पिशवीत खाऊ असेल, कुणाच्या ओठांवर 'जुगनू'ची चालही असेल.

दुसरा सिनेमा 'शहनाई'. तो लागला थेट 15 ऑगस्टला. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. खट्याळ, विलायती ठेक्याची गाणी. मुंबई त्यावर डोलत होती तेव्हा कोकणातल्या कितीतरी घरांत दुखवटा होता. एकाच महिन्याचे हे दोन आवाज आहेत.

पण एक सावधगिरी बाळगा हं. 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, आणि ग्रामोफोन काही प्रत्येकाच्या खोलीत नव्हता. गिरणगावात अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांचं लालबावटा कलापथक 1944 पासून गात होतं. भजनी मंडळं होती, कोळीगीतं होती, बाल्यानाच होता. बोटीतल्या लोकांचं गाणं बहुधा तिथेच जास्त होतं. तबकडी शहराचा आवाज सांगते, खाडीचा नाही.

खाडीचा आवाज अजून काही घरांत आहे. तुमचे आजी-आजोबा पेण, रोहा, अलिबागकडचे असतील तर फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि विचारा, "त्या पावसात तुम्ही काय गात होतात?" बोटीचं नंतर विचारा. ते आपणहून सांगतील.

भेटू पुढच्या भागात!