३६० हा आकडा आला कुठून?

आजच्या भागाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी छातीवर बांधायच्या एका ईसीजी पट्ट्याचं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं. बॅटरी लवकर संपायची, म्हणून मी सॅम्पलिंग रेट सेकंदाला २५० वरून १०० वर आणला. आलेख तसाच, नाडीचा आकडाही तोच. मी खूश! मग घरी बाबांना पट्टा लावला. दोन ठोक्यांमधलं अंतर बघतो तर काय, ८१०, ८००, ८१०, ८००... सगळे मिलिसेकंद दहाच्या पटीत. सेकंदाचे १०० तुकडे केले की एक तुकडा १० मिलिसेकंदांचा, त्याहून बारीक फरक दिसणार कसा? उतारवयात ठोक्यांमधला खरा फरकच कधीकधी जेमतेम तेवढा असतो. त्या आकड्यांत बाबांचं हृदय किती आणि माझी फूटपट्टी किती, मलाच सांगता येईना.

ही अडचण कॉम्प्युटरच्याही आधीची आहे बरं का. १८८७ मध्ये लंडनला ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयाची वीज पहिल्यांदा नोंदवली, ती बारीक काचेच्या नळीतल्या पाऱ्याच्या हालचालीवरून. पण पारा जड आणि सुस्त. हृदयाचा झटका ओसरला तरी हा आपला अजून चढतोच आहे! नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेम आइन्थोव्हेन यांनी पाऱ्याच्या या आळसाचा हिशेब गणितानं मांडला आणि १८९५ मध्ये खरा आलेख कसा असेल ते काढलं. पी, क्यू, आर, एस, टी ही नावं त्या हिशेबातून निघालेल्या आलेखाची. पुढे त्यांनी चांदीचा मुलामा दिलेली क्वार्ट्झची तार चुंबकात ताणून नवं यंत्र बनवलं. त्यातून आलेली रेघ आधीच्या गणिताशी जुळली. (मला तर हे १९२४ च्या नोबेलपेक्षा भारी वाटतं.)

तारेची रेघ सलग होती. कॉम्प्युटरनं तिचे ठिपके केले, आणि आर लाटेचं टोक दोन ठिपक्यांच्या मधे हरवायला लागलं. १९९६ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी ठोक्यांमधले फरक मोजण्यासाठी २५० ते ५०० हर्ट्झ किंवा जास्त रेट सुचवला. त्याहून कमी, अगदी १०० पर्यंत, चालेल. पण टोकाची खरी जागा आजूबाजूच्या ठिपक्यांवरून गणितानं काढायची. म्हणजे पुन्हा आइन्थोव्हेनचंच काम!

आता ३६०. १९८० मध्ये एमआयटी आणि बॉस्टनच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलनं ४८ ईसीजी नोंदींचा संग्रह खुला केला. आमच्या क्षेत्रातलं पोरगं न् पोरगं त्यावर कोड तपासतं. त्याचा रेट ३६०. का? अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची. तिची गुणगुण साध्या फिल्टरनं काढायला ३६० सोयीचा, बरोबर सहा पट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, भागाकार येतो ७.२. तरी हा आकडा आपण डोळे झाकून कॉपी करतो. मीही केला होता, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये.

पट्ट्याचा रेट मी परत २५० केला आणि आर लाटेच्या टोकावर पॅराबोला बसवला. त्या रात्री बाबांचे आकडे आले ८०३, ८०७, ८०४. बॅटरी मात्र दुपारीच संपली होती, रात्री चार्ज करून मोजलं.