नोंदवहीचे पीक : कृषिसंशोधनातील खुलेपणाचा इतिहास

शेतीच्या प्रयोगाचे फळ दोन ठिकाणी साठते : एक खळ्यावर आणि दुसरे नोंदवहीत. खळ्यावरचे धान्य वर्षभरात संपते. नोंदवही मात्र जपली आणि उघडी ठेवली, तर पुढच्या पिढ्यांनाही उपयोगी पडते. आपल्या वाचनालयाच्या शताब्दी-ग्रंथासाठी हा विषय निवडण्याचे कारण असे, की या इतिहासाचे एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या इंदुरातच घडले आहे.

त्याचा आरंभ मात्र इंग्लंडमध्ये झाला. रॉथमस्टेड येथील ब्रॉडबॉक या शेतात जॉन बेनेट लॉज यांनी १८४३ साली गव्हावरील खतांचा प्रयोग सुरू केला. रसायनशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री गिल्बर्ट त्यांचे सहकारी होते. कोणत्या तुकड्याला कोणते खत दिले आणि उत्पन्न किती आले, हे वर्षानुवर्षे लिहून ठेवले गेले. १९१९ साली रोनाल्ड फिशर तेथे रुजू झाले. १८५२ ते १९१८ या ६७ वर्षांच्या आकड्यांचा त्यांचा अभ्यास १९२१ साली प्रसिद्ध झाला. हवामानामुळे होणारे वार्षिक बदल, जमिनीचा सततचा ऱ्हास आणि मंद गतीचे चढउतार त्यांनी वेगवेगळे करून दाखविले. या चढउतारांमागे तणांचा हात असावा, असेही सुचविले. मूळ नोंदकर्त्यांच्या ध्यानीमनी नसलेले प्रश्न त्या नोंदींना विचारता आले, ते त्या शाबूत होत्या म्हणूनच.

इंदूरचे प्रकरण १९२४ साली सुरू झाले. होळकर दरबाराने दिलेल्या ३०० एकर जमिनीवर वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली आणि अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक झाले. काडीकचरा, शेण आणि मूत्रमिश्रित माती यांपासून तीन महिन्यांत खत तयार करण्याची ‘इंदूर पद्धत’ तेथेच सिद्ध झाली. हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ साली ग्रंथ लिहून तिची संपूर्ण कृती जगापुढे मांडली : खड्ड्यांची मापे, थर रचण्याचा क्रम, तीनदा करावयाची उलथापालथ. वाचणाऱ्या कोणालाही ती आपल्या शेतावर पडताळता येत होती.

याच हॉवर्ड यांनी १९४० साली ब्रॉडबॉकच्या प्रयोगावर कठोर टीका केली. लहान तुकड्यांवरून खऱ्या शेतीचे चित्र मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य असो वा नसो, ही टीका शक्य झाली, कारण तेथील पद्धत व आकडे प्रसिद्ध होते. खुलेपणाचे खरे मोल येथे दिसते : त्यामुळे अनुयायांची सोय होते, तशी विरोधकांचीही होते, आणि विज्ञानाला दोघांचीही गरज असते.

विशेष म्हणजे हॉवर्ड यांच्यानंतर इंदूरच्या त्याच संस्थेत विनायक गोविंद पानसे यांनी संख्याशास्त्राची कास धरली. त्यांनी व पां. वा. सुखात्मे यांनी मिळून शेतकी संशोधकांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला. प्रयोग कसा आखावा आणि आकडे कसे पारखावेत, याची शिस्त त्यातून देशभरच्या कार्यकर्त्यांना लाभली.

पुढे संगणक आले, तरी मूळ आकडे संशोधकाच्या कपाटात आणि निष्कर्ष तेवढे नियतकालिकात, हा रिवाज बराच काळ टिकला. भारत सरकारने २०१२ साली शासकीय माहिती खुली करण्याचे धोरण स्वीकारले. कृषी अनुसंधान परिषदेने २०१३ साली आपले संशोधनलेख खुले करण्याचे धोरण जाहीर केले. ब्रॉडबॉकच्या अनेक आकडेमाला आज संगणकावर कोणालाही पाहता येतात.

तथापि, दार उघडले म्हणजे ज्ञान पोचले असे नव्हे. पेरणीची तारीख, मापाचे एकक, फसलेला प्रयोग यांची नोंद नसेल, तर खुला आकडाही मुकाच राहतो. आणि ज्याच्या शेतावर तो मोजला, त्या शेतकऱ्याला तो स्वतःच्या भाषेत वाचता येत नसेल, तर त्याच्यापुरते दार बंदच आहे. ग्रंथ जपणे आणि तो वाचकाच्या हाती देणे, ही दोन्ही कर्तव्ये ग्रंथालयांनी एकच मानली. कृषिविज्ञानालाही यापुढे तसेच मानावे लागेल.