पाळीतलं दुखणं आणि ‘कारण सापडत नाही’



लग्नाला चार-पाच वर्षं झाली. पाळी नियमित, गर्भनलिका मोकळ्या, नवऱ्याची वीर्यतपासणीही चांगली, तरी मूल नाही. डॉक्टर म्हणतात, ‘कारण सापडत नाही.’ मग घरात टेस्ट ट्यूब बेबीची आणि त्यासाठी कर्ज काढायची बोलणी सुरू होतात. या सगळ्यात एक प्रश्न बऱ्याचदा राहूनच जातो. ‘बाई गं, पाळीत तुझं पोट किती दुखतं?’ हा प्रश्न का विचारायचा, ते समजून घ्यायला शंभर वर्षं मागे जाऊ या.

अमेरिकेतल्या ऑल्बनी शहरात डॉ. जॉन सॅम्पसन बायकांची ऑपरेशनं करत. १९२१ साली त्यांनी बीजकोषावरच्या गाठींबद्दल लिहिलं. त्यांत चॉकलेटसारखं घट्ट, काळपट रक्त साठलेलं असे. १९२७ साली त्यांनी कारण मांडलं. पाळीचं थोडं रक्त नळ्यांमधून उलटं पोटात जातं आणि गर्भपिशवीच्या अस्तराचे कण तिथे रुजतात. मग दर महिन्याला तिथेही रक्त येतं, सूज येते, आतले अवयव एकमेकांना चिकटतात. त्यामुळे दुखतं आणि काहींना गर्भ राहायला अडचण येते. या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. उलटं रक्त बहुतेकींचं जातं, पण रुजतं काहींचंच, हे पुढे कळलं.

आजार सापडला, पण दोष बायकांच्याच माथी आला. बोस्टनचे डॉ. जो मेग्ज १९३०-४० च्या काळात सांगत, की बायका लग्न आणि बाळंतपण लांबवतात म्हणून हे होतं, लवकर लग्न करा. आपल्याकडेही म्हणतातच, ‘लग्न झालं की पोटदुखी जाईल.’ पुढे हा शिकलेल्या, नोकरीवाल्या गोऱ्या बायकांचा आजार, असा समज पसरला. काळ्या बायकांनी तीच तक्रार सांगितली की त्यांना जंतुसंसर्ग झालाय असं सांगत. १९७६ साली शिकागोचे डॉ. डोनाल्ड चॅटमन यांनी दाखवलं, की त्यांतल्या अनेकींना खरं तर हाच आजार होता. आजार त्यांनाही होता, फक्त कुणी शोधला नव्हता.

पोटात दुर्बीण घालून बघायचं तंत्र इंग्लंडमध्ये रुजवलं डॉ. पॅट्रिक स्टेप्टो यांनी. त्याच दुर्बिणीने बीज काढून १९७८ साली जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. १९८६ साली मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते करून दाखवलं. पुढे सोनोग्राफीवर बघून सुईने बीज काढता येऊ लागलं आणि दुर्बिणीची गरज कमी झाली. पण या आजाराचे बारीक डाग सोनोग्राफीत दिसत नाहीत. म्हणून ‘कारण सापडत नाही’ म्हणजे कारण नाहीच, असं धरू नका.

मग आधी या आजारावर उपचार केले तर मूल होतं का? १९९७ साली कॅनडात ३४१ बायकांचा अभ्यास झाला. सगळ्यांना सौम्य आजार होता. काहींचे डाग दुर्बिणीतून काढले, काहींचे नुसते पाहिले. ३६ आठवड्यांत डाग काढलेल्यांपैकी शंभरात सुमारे ३१ जणींना, तर नुसतं पाहिलेल्यांपैकी सुमारे १८ जणींना गर्भ राहून टिकला. १९९९ साली इटलीतल्या लहान अभ्यासात मात्र असा फायदा दिसला नाही.

औषधांचंही तसंच. टेस्ट ट्यूबआधी काही महिने इंजेक्शनने पाळी थांबवली तर मोठा फायदा होतो, असं २००६ साली वाटलं. २०१९ साली जास्त अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा खात्री देता येईना. २०२२ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी सांगितलं, की केवळ मूल व्हावं म्हणून पाळी थांबवायची औषधं देऊ नका. सौम्य आजारात ऑपरेशनचा विचार करता येतो, पण टेस्ट ट्यूबआधी ते सरसकट करू नका.

म्हणून प्रत्येकीला एकच उपाय नाही. पण प्रत्येकीला हे विचारायला हवं. पाळीत अंथरूण धरावं लागतं का? संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं का? पाळीत शौचाला दुखतं का? उत्तर ‘हो’ असेल तर कर्ज काढण्याआधी ते डॉक्टरांना सांगा. ‘मला एंडोमेट्रिओसिस असेल का? दुर्बिणीने बघून माझा फायदा होईल का, की माझ्या वयात थांबणंच महाग पडेल?’ असं स्पष्ट विचारा. पस्तिशी उलटली असेल तर वेळ फार मोलाचा असतो.

आणि घरात कुणी सुनेला वांझ म्हणत असेल, तर हा शंभर वर्षांचा इतिहास त्यांना सांगा. तिचं दुखणं खरं आहे. त्यात तिचा दोष नाही.