आबांची 'जनता' आणि माझा प्रिंटर

मंडळी, गेले चार वीकेंड एका तीन सेंटिमीटरच्या चकतीवर घालवलेत. घरच्यांच्या मते डोकं फिरलंय. म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं.

आमच्या आबांचं घड्याळ म्हणजे एचएमटीचं 'जनता'. चावीचं, सतरा ज्वेलचं, देवनागरी आकड्यांचं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले (धोक्याची पातळी ४३ फूट!) आणि बावड्यातल्या आमच्या घरात पाणी शिरलं. कपाटाच्या खालच्या कप्प्यातलं घड्याळ दोन दिवस त्यातच. दुरुस्तीवाल्यानं मशीन उघडून, धुऊन, तेल घालून चालू करून दिलं. डायल मात्र गेली. पाचपासून आठपर्यंतचे आकडे तपकिरी डागाखाली.

आबा म्हणाले, "आकडे तेवढे दिसू देत. पण घड्याळ माझंच ऱ्हाऊ दे."

ऐकायला सोपं वाटतं ना? पण डायल बदलल्यावर घड्याळ आबांचंच राहतं का? ह्या प्रश्नानं मी इतिहासात शिरलो.

डायल हा घड्याळाचा सगळ्यात बिनकामाचा भाग. ती काढली तरी मशीन टिकटिकत राहतं. पण घड्याळ कुणाचं, हे सांगते तीच. इंग्रजांच्या काळात वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळं स्वित्झर्लंडमध्ये बनायची आणि त्यांच्या डायलवर 'बॉम्बे' आणि 'कलकत्ता' ही नावं छापून यायची. मशीन तिकडचं, नाव इकडचं. पुढं १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं एचएमटीनं बंगळूरला घड्याळाचा कारखाना काढला. 'जनता'च्या मशीनचं मूळसुद्धा सिटिझनचंच. पण डायलवर १, २, ३ उमटले आणि घड्याळ आपलं झालं!

हे आकडे उमटवायचे कसे? पूर्वी एनॅमलच्या डायलवर हातानं ब्रशनं काढत. मग युक्ती निघाली. धातूच्या पट्टीवर आकडे कोरायचे, खाचेत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि जिलेटिनचा मऊ गोळा दाबून खाचेतली शाई उचलायची. तोच गोळा डायलवर टेकवला की शाई तिकडं. १९६० च्या दशकात जिलेटिनच्या जागी सिलिकॉन आलं. तत्त्व आजही तेच. जुनी डायल भिंगाखाली धरा, आकडे किंचित उठावदार दिसतात. ती त्या शाईची जाडी.

आता माझा प्रिंटर. लेझर, ६०० डीपीआय. म्हणजे एक ठिपका साधारण ०.०४ मिलिमीटर. डायलच्या कडेला, १४ मिलिमीटर त्रिज्येवर, परीघ भरतो ८८ मिलिमीटर. भागिले ६०, म्हणजे एका मिनिटाला दीड मिलिमीटरसुद्धा नाही. मिनिटाची रेघ ०.१ मिलिमीटरची, तिच्या वाट्याला जेमतेम अडीच ठिपके. उभ्या-आडव्या रेघा झकास, तिरप्या मात्र करवतीसारख्या. शिवाय घरचा प्रिंटर पांढरं छापत नाही, तेव्हा पांढरा रंग आधी चकतीवर मारायचा. मग पाण्यात भिजवून सरकवायच्या डेकल कागदावर छापायचं, फिल्म चकतीवर बसवायची, वर लॅकर. पहिल्या वेळी लॅकर जाड झाला आणि तासकाटा घासायला लागला. दुसऱ्या वेळी बुडबुडे. तिसऱ्या वेळी बारा वाजता काटे एक वाजल्यासारखे दिसत होते (फिल्म फिरली होती, हसू नका).

ह्यात मी काही नवं करत नव्हतो. मुंबईत जुनी घड्याळं नव्यानं रंगवून विकायचा धंदा कित्येक वर्षांचा. भडक रंग, चुकलेली स्पेलिंगं. परदेशातले संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणून नाकं मुरडतात. मीही मुरडायचो. पण विचार करा, एचएमटी वॉचेस बंद करायला केंद्र सरकारनं जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. कारखान्यातून नवी डायल येणार नाही. ज्याला घड्याळ रोज मनगटावर बांधायचंय त्यानं काय करावं? रंगवणाऱ्यानं ते पुन्हा बांधण्याजोगं केलं, ही दुरुस्तीच. खोट सुरू होते ती रंगवलेलं 'ओरिजिनल' म्हणून विकताना. आणि दुसरी खोट म्हणजे जुनी डायल खरवडून तिच्यावरच रंगवणं. त्यात जुनं कायमचं जातं.

म्हणून आबांच्या डायलला हात लावला नाही. पुण्याच्या जुन्या बाजारातून एका मेलेल्या 'जनता'ची डायल आणली. मागचे दोन पाय जिथल्या तिथं, म्हणजे मशीनवर अचूक बसणार. तीच खरवडली. (हो, एक डायल मीही संपवलीच. ती कुणाच्या मनगटावर होती, देव जाणे.) मागच्या बाजूला सुईनं कोरलं, 'घरी छापली, कसबा बावडा', आणि वर्ष. पुढं कुणी उघडलं तर फसणार नाही.

रविवारी आबांच्या हातात घड्याळ दिलं. बराच वेळ बघितलं.

"आकडे दिसतात की. पण हे लईच नवं दिसतंय. माझं कुठाय?"

काचेच्या छोट्या डबीतली जुनी डायल दिली. त्यांनी तपकिरी डागावर बोट ठेवलं. "हे पुराचं पाणी," म्हणाले. आजपर्यंत तो डाग मला नासाडी वाटत होता. त्यांच्यासाठी ती नोंद होती.

आता घड्याळ मनगटावर आणि डबी फडताळात, ह्या वेळी वरच्या कप्प्यात. चावी रोज सकाळी आबाच देतात. चार दिवसांत दोन मिनिटं मागं पडतं, ते मात्र माझ्या प्रिंटरमुळं नाही!

असो. पुढच्या वीकेंडला तिरप्या रेघांचं बघतो.